दिंगिरी अम्माची पानं

जिनदारी वेलिवत्त त्या वर्षात तिसऱ्यांदा मेली, ती कोलंबोजवळच्या हंवेल्लमधल्या एका भाड्याने घेतलेल्या घरात. मालिका नवी होती, आजी मात्र तीच. पहिल्या दहा भागांत नातवाला भात भरवायचा, पुढच्या दहा भागांत खोकायचं आणि मग दिवाणखान्याच्या मधोमध शवपेटीत निजायचं. पेटीच्या दोन्ही बाजूंना, मयताच्या घरच्या रीतीप्रमाणे, हस्तिदंत उभे केले होते. ते प्लास्टिकचे होते, पण कॅमेऱ्यात खरे दिसत.

पेटीत निजायला तिची काही तक्रार नव्हती. आत मऊ गादी होती, वरून पंख्याचा वारा येत होता आणि गुडघे सरळ ठेवता येत होते. इतर नटनट्या या कामाला घाबरत. शूटिंग संपलं की कुणाकडून तरी लिंबं कापून दृष्ट काढून घेत, देवळातून मनगटाला दोरा बांधून आणत. जिनदारीनेही पहिल्या दोन-तीन मरणांना ते केलं होतं. आता तिला बसने देवळापर्यंत जायचाच कंटाळा येई.

"हलू नकोस," सिरिल म्हणाला. तो तिच्या गालांवर पांढरी पावडर थापत होता.

"किती लावतोस रे दादा? मेलेय मी, पिठात लोळलेली नाही."

"मेलीस की तू दहा वर्षांनी तरुण दिसतेस. मी काय करू?"

"मग दिग्दर्शकाला सांग, लग्नाचा प्रवेशही असाच घे म्हणावं. आडवी निजवून."

सिरिल हसला नाही. तो पंचाहत्तरीचा होता आणि जिनदारीच्या नाटक मंडळीच्या धरणाच्या नाटकात पहिल्या दिवसापासून रंगभूषा आणि कपडेपट सांभाळत होता. आता मालिकांचीही कामं करायचा, कारण नाटकाचे खेळ वर्षाला चार-पाचच व्हायचे. पावडरचा डबा मिटत तो हळूच म्हणाला, "चतुरंगचा फोन होता. जेवणाच्या सुट्टीत येतोय. त्या पोरीला घेऊन."

जिनदारीने डोळे मिटले. "मला बोलता येत नाही. मेलेय मी."

चतुरंग हा नाटक मंडळीच्या मास्तरांचा मुलगा. मास्तर वारले, तेव्हापासून मंडळी तोच चालवत होता. आणि ती पोरगी म्हणजे दिनेली, मालिकांमधली सव्वीस वर्षांची नटी, जिचा चेहरा कोलंबोत शांपूच्या जाहिरातींवर होता. तिला दिंगिरी अम्माची भूमिका हवी होती. जिनदारीची भूमिका.

मास्तरांनी लिहिलेल्या नाटकाला नाव वेगळं होतं, पण सगळे त्याला धरणाचं नाटक म्हणत. धरणाखाली गाव बुडणार, सगळे गाव सोडून जातात, दिंगिरी अम्मा नावाची म्हातारी जात नाही. शेवटच्या प्रवेशात ती अंगणात जमिनीवर बसलेली असते. पाणी चढत येतं, रंगमंचावर निळा उजेड पसरतो, आणि ती हात न टेकता उठते, घागर कमरेवर घेते आणि पाण्याच्या दिशेने चालू लागते. पडदा. बत्तीस वर्षं जिनदारी तशी उठत आली होती.

त्याआधी तिने बरंच काही केलं होतं. सोळाव्या वर्षी ती मातरजवळच्या गावातून एका फिरत्या नाटक मंडळीबरोबर निघाली, तेव्हा बाप दारात उभा राहून म्हणाला होता, "परत आलीस तर मागच्या दाराने ये." ती परत गेलीच नाही. कृष्णधवल काळात तिने एकोणीस चित्रपट केले. त्यांपैकी तीन चित्रपटांत नायिका होती, उरलेल्यांत नायिकेची मैत्रीण. चौतिसाव्या वर्षी ती नायकाची आई झाली, आणि तो नायक तिच्याहून दोन वर्षांनी मोठा होता. लग्न झालं, नवरा गेला, मुलगा इटलीत गेला आणि तिथल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करू लागला. हे सगळं येत-जात राहिलं. राहिली ती दिंगिरी अम्मा. यादवीच्या वाईट वर्षांत, जेव्हा संध्याकाळी कर्फ्यू लागायचा, तेव्हा खेळ दुपारी दोनला व्हायचे आणि नटांनी रंग पुसायच्या आत प्रेक्षक घरी पळायचे. तेव्हाही ती उठली होती, घागर घेऊन चालली होती.

फक्त मागच्या भाद्रपदात, कुरुणेगलच्या खेळाला, ती उठली नाही. निळा उजेड पसरला, पाण्याचा आवाज वाढला, आणि ती बसूनच राहिली. शेवटी पडदा पाडला. आत आल्यावर ती पडदेवाल्या विमलसेनवर ओरडली की पडदा लवकर पाडलास. विमलसेनने मान खाली घालून ऐकून घेतलं. चूक पडद्याची नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर महिन्याभराने चतुरंगने दिनेलीचं नाव काढलं.

मंडळीत मास्तरांचा एक नियम होता. हयात असलेल्या नटाची भूमिका दुसऱ्याला द्यायची असेल, तर नव्याने जुन्याकडे विड्याच्या पानांची जुडी घेऊन जायचं, गुडघ्यावर बसून ती द्यायची आणि पाया पडायचं. जुन्याने जुडी हातात घेतली की भूमिका दिली. नाही घेतली, तर नाही. कागद-बिगद काही नाही. तालमीचा मुहूर्त गुरुवारी सकाळचा काढला होता, आणि आज मंगळवार होता.

दिग्दर्शकाने तिला चार वेळा मारलं. तिसऱ्या वेळी तिच्या पापणीवर माशी बसली. चौथ्या वेळी सून झालेली बाई इतकी रडली की पेटी हलली. मग जेवणाची सुट्टी झाली. सिरिलने हात देऊन तिला पेटीतून बाहेर काढलं, आणि ती पांढऱ्या साडीत, पांढऱ्या तोंडाने ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत बसली. कुणीतरी भाताची पुडी आणून दिली. ती अजून सोडते आहे तोच फाटकाशी गाडी थांबली.

चतुरंग पुढे आला. पंचेचाळिशीचा, बापासारखाच पुढे वाकून चालणारा. "अक्का, जेवताय का? आम्ही थांबतो."

"थांबून काय करणार? बोल."

दिनेली त्याच्या मागे होती. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले, पांढरा ब्लाउज घातलेला. ती आत गेली आणि मिनिटभराने हातात पानांची जुडी घेऊन आली. जिनदारीसमोर फरशीवर गुडघे टेकून तिने दोन्ही हातांनी जुडी पुढे केली. चेहऱ्यावर खरी भीती होती. मालिकेत ती कधी इतकी चांगली दिसली नव्हती.

जिनदारीचे हात मांडीवरून उचलले गेले होते. मग तिने पानांकडे पाहिलं. सगळी पालथी होती, फिकट, शिरांची बाजू वर.

"ही पानं कुठली?"

दिनेलीने चतुरंगकडे पाहिलं. "अम्मा, मी आणली होती. पण गाडीत उन्हाने काळी पडली. म्हणून आतल्या तबकातली..."

सिरिलने जीभ चावली. आतलं तबक म्हणजे शूटिंगसाठी मांडलेलं, मयताच्या घरचं. मयताच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पानं ठेवतात ती पालथी मांडून. शुभकामाला तशी पानं कुणी हातात घेत नाही. सेट मांडणाऱ्या बाईने प्रवेशासाठी ती अगदी नीट, रीतीप्रमाणे पालथी रचली होती, आणि ही पोरगी ती जशीच्या तशी उचलून घेऊन आली होती.

"पेटीतून उठून अजून दहा मिनिटं झाली नाहीत," जिनदारी म्हणाली, "आणि तू मला मयताची पानं देतेस?"

"मला माहीत नव्हतं अम्मा. शप्पत."

"तुझ्या घरी कुणी मेलं नाही का कधी?"

दिनेलीच्या डोळ्यांत पाणी आलं. चतुरंग खाली वाकला. "अक्का, चूक झाली. कोलंबोत फ्लॅटमध्ये वाढलेली पोर आहे. मयताचं सगळं माणसं लावून करतात तिथे. मी आता बाजारातून नवी पानं आणतो."

"आज नको. आज हिचा हात लागला अशुभाला." जिनदारीने भाताची पुडी पुन्हा उघडली. "बघू मग."

"गुरुवारी मुहूर्त आहे, अक्का. तुम्ही पानं घेतली नाहीत तर मी सुरू करणार नाही. बाबांचा नियम आहे. नाटक बंद ठेवीन, पण नियम मोडणार नाही."

"मग बंद ठेव," ती म्हणाली आणि भाताचा घास घेतला. भात कोरडा होता.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये सिरिल तिच्या शेजारी बसला. खिडकीतून नदीकडचा ओला वारा येत होता.

"तुला आनंद झाला," तो म्हणाला.

"कशाचा?"

"पानं पालथी होती त्याचा."

"तोंड सांभाळ."

"पन्नास वर्षं तुझं तोंड रंगवतोय जिना. कुठल्या रेषेत काय असतं ते मला कळतं. ती पोरगी सुलटी पानं घेऊन आली असती तर तू दुसरं काहीतरी काढलं असतंस. पानं कमी आहेत, नाहीतर आज वार वाईट आहे."

ती बाहेर बघत राहिली. "देऊन टाकलं तर काय उरतं रे माझ्याकडे? पेटी?"

सिरिलने खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली आणि तिच्या हातात दिली. दोघांनी पिलियंदलपर्यंत शेंगदाणे खाल्ले.

त्या रात्रीही तिला लगेच झोप लागली, नेहमीसारखीच. थकवा असा होता की काळजीला आत यायला जागा मिळत नव्हती. पण पहाटे जाग आली आणि एन्सी अक्का डोळ्यांसमोर उभी राहिली. जिनदारीच्या आधीची दिंगिरी अम्मा. एन्सी अक्का आजारी होती, पण हयात होती. एकोणचाळीस वर्षांची जिनदारी तिच्याकडे पानं घेऊन तीनदा गेली. तिन्ही वेळा एन्सी अक्का मागच्या अंगणात फणसाच्या आठळ्या सोलत होती. "ठेव तिकडे," असं म्हणायची आणि सोलत राहायची. तिसऱ्या वेळी जिनदारीने पानं पायरीवर ठेवली आणि बसने परत आली. मास्तरांनी विचारलं, "घेतली?" ती म्हणाली, "घेतली." तालीम सुरू झाली. दोन महिन्यांनी एन्सी अक्का गेली आणि विचारायला कुणी उरलं नाही.

बत्तीस वर्षं ही गोष्ट ती बाळगून होती. नाटक पडलं नाही, छत कोसळलं नाही. नवरा गेला तेव्हा एकदा वाटलं होतं, हे त्या पानांमुळेच, आणि मुलगा विमानात बसला तेव्हाही. पण ते असंच वाटणं. लोकांचे नवरे जातात आणि मुलं विमानात बसतात, पानं घेतलेल्यांचीसुद्धा.

बुधवारी शूटिंग नव्हतं. दहाच्या सुमाराला फाटक वाजलं. दिनेली एकटीच होती. गाडी नव्हती. बसने आली होती आणि वाटेत दोन बायकांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला होता, असं तिने सांगितलं, जणू उशीर झाल्याची माफी मागत होती. हातात पिशवी होती, तिच्यात ओल्या कापडात गुंडाळलेली पानं.

"माझ्या आत्याला विचारून आलेय," ती म्हणाली. "कशी धरायची, कशी द्यायची. ती मला खूप बोलली."

"बोलायलाच हवं होतं. बस. कोरा चहा घेशील?"

"घेईन."

जिनदारीने चहा आणि गुळाचे खडे आणले. दिनेलीने खडा दाताखाली धरून घोट घेतला. एवढं तरी तिला घरून येत होतं. दोघी ओसरीवर बसल्या. पिशवी दोघींच्या मध्ये होती.

"मला एक सांग," जिनदारी म्हणाली. "तुला ही भूमिका का हवी? तुझी मालिका चालते. जाहिराती आहेत. नाटकात मिळतं काय? कुरुणेगलला जा, अनुराधपुरला जा, शाळेच्या हॉलमध्ये वटवाघळं. साठ वर्षांची दिसण्यासाठी दोन तास तोंड रंगवून घ्यायचं."

दिनेलीने कप खाली ठेवला. "मी कुरुणेगलला होते, अम्मा. मागच्या खेळाला."

जिनदारीचा हात गुळावर थांबला.

"शाळेत असताना मी हे नाटक पाहिलं होतं. तेव्हा तुम्ही उठून पाण्याकडे चालत गेलात. सगळे रडले. मीही रडले, पण मनात कुठेतरी वाटलं, ती का जाते? तिला जायचं नव्हतं म्हणून तर ती एकटी मागे राहिली. आणि मग कुरुणेगलला तुम्ही उठला नाहीत. पाणी आलं आणि तुम्ही बसून राहिलात. जमिनीला हात लावून, असा. घागरीकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या शेजारच्या बाईने श्वास सोडला नाही पडदा पडेपर्यंत. तेव्हा मला कळलं. बत्तीस वर्षांनी तुम्ही शेवट बदललात. त्याच रात्री मी चतुरंग सरांना फोन केला."

बाहेर नारळ विकणाऱ्याची गाडी गेली. जिनदारी तिच्याकडे बघत होती. पोरीच्या चेहऱ्यावर कसलाही नाटकीपणा नव्हता. नुसतं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. थोडी मान हलवली असती, "मास्तरांशी मी कधीच सहमत नव्हते," असं काहीतरी म्हटलं असतं, तर ही पोरगी ते आयुष्यभर लोकांना सांगत फिरली असती. मुलाखतींत सांगितलं असतं. ती कथा चांगली होती. खऱ्यापेक्षा कितीतरी चांगली.

"गुडघा अडकला होता," जिनदारी म्हणाली.

"काय?"

"उजवा. हात लावला तो उठायला जोर मिळावा म्हणून. घागरीकडे बघितलं नाही, कारण मी मनात विमलसेनला म्हणत होते, पाड रे बाबा पडदा. त्याने पाडला. आणि आत येऊन मी त्यालाच शिव्या दिल्या."

दिनेलीने पिशवीवर हात ठेवला. तिचे कान लाल झाले होते. जिनदारीला वाटलं, आता ही पिशवी उचलेल आणि जाईल, आणि मग सगळंच संपेल, भांडण न करता.

"तरी," दिनेली म्हणाली.

"तरी काय?"

"तरी तेच बरोबर होतं. तुमच्या गुडघ्याला कळलं असेल तुमच्या आधी."

जिनदारीला हसू आलं. पहिल्यांदाच त्या आठवड्यात. "चतुरंग तुला बसू देणार नाही. बापाने लिहिलंय, उठते."

"भांडेन मी."

"भांड. पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. तुझं म्हणून सांग." ती थांबली. "आणखी एक. ही भूमिका मला कुणी दिली नव्हती. मी पानं पायरीवर ठेवून आले आणि मास्तरांना घेतली म्हणून सांगितलं. तेव्हा हा नियम म्हणजे काही देवाघरचा नाही. मी आज पानं घेतली नाहीत, तर तूही चतुरंगला जाऊन सांगू शकतेस, म्हातारीने घेतली. तो मला फोन करून विचारणार नाही. भितो मला."

"मी असं सांगणार नाही."

"नाही ना. मीही नको होतं सांगायला."

दिनेलीने ओलं कापड सोडलं. पानं हिरवीगार होती, सुलटी, एकावर एक. ती फरशीवर गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. जिनदारीने पानं मोजली नाहीत. कुठलीही चूक शोधली नाही, शोधायची ताकदच नव्हती. तिने हात पुढे केले आणि जुडी घेतली. ओली, गार होती. दिनेलीने कपाळ तिच्या पायांवर टेकलं तेव्हा जिनदारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जे म्हणायचं असतं ते म्हटलं, सुख मिळो, बरं होवो. आवाज थोडा कोरडा निघाला.

"अम्मा, तुम्ही रागावलात का?"

"नाही गं. दमलेय. जा आता, दुपारची बस पकड, नाहीतर उभं राहावं लागेल."

पोरगी गेली. जिनदारी पानं मांडीवर घेऊन बसून राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. उलट भूक लागली, चांगली सणसणीत. आत जाऊन तिने सकाळचा भात काढला, डाळ गरम केली, नारळ खवून तिखट संबोल कालवला आणि जमिनीवर बसून पोटभर जेवली. नाटकाच्या आदल्या दिवशी ती कधी पोटभर जेवत नसे, अंग जड होतं म्हणून. बत्तीस वर्षांची सवय होती ती.

हात धुवून होईपर्यंत चतुरंगचा फोन आला. दिनेलीने बसमधूनच त्याला कळवलं होतं. "अक्का, उद्या सकाळी मुहूर्ताचा दिवा तुम्हीच लावायचा. गाडी पाठवतो. नऊ वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त आहे."

"मी येत नाही, बाळा."

"असं कसं? तुमच्याशिवाय?"

"माझ्याशिवायच करायचंय ना तुला? मग कर." तिने खुर्ची जवळ ओढली, बसली, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकले. "सिरिलला लावू दे दिवा. त्याला सांग, पोरीच्या तोंडाला पावडर कमी लाव. आणि विमलसेनला उद्या पुढे बसव, सगळ्यांच्या समोर, पहिल्या रांगेत. त्याच्या पडद्यात काही चूक नव्हती. आणखी काही?"

"नाही अक्का. पण तुम्ही उद्या काय करणार?"

"झोपणार," जिनदारी म्हणाली. "दहा वाजेपर्यंत."